जड मोटारसायकलची सुखाची चाल

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेत बाजारभाव, करआकारणी, मालाची साठवण अशा विषयांवरील लेख वाचावयास मिळावेत, ही वाचकांची अपेक्षा स्वाभाविक आहे. त्या पंक्तीत एका मोटारसायकलीविषयी लिहावयास आम्ही बसलो आहोत, याबद्दल सभासद बंधुभगिनींची प्रथमच क्षमा मागतो. परंतु हा विषय आता आपल्या घरांबाहेरचा राहिलेला नाही. ज्या ओसरीस एकेकाळी सायकल टेकून ठेवलेली असे, तेथे आज दोन-अडीचशे किलो वजनाची, लाखो रुपये किमतीची फटफटी उभी दिसते. रविवारी दुकान बंद असले की घरातील तरुण ती बाहेर काढतो, शिरस्त्राण चढवितो आणि महामार्गाची वाट धरतो. मागे राहिलेली त्याची आई मात्र दिवसभर घड्याळाकडे पाहत असते.

निघताना ती सांगते, "फार जोरात जाऊ नकोस." तो म्हणतो, "नाही जाणार." पण जोरात म्हणजे किती, हे दोघांपैकी कोणीच बोलत नाही. व्यापारात असा मोघम करार आपण कधी चालू देणार नाही. भाव किती, वजन किती, मुदत किती, हे आकड्यांत ठरल्यावाचून आपण पोते हलवीत नाही. मग ज्या व्यवहारात घरचे माणूसच पणास लागलेले असते, तेथे आकडा का नसावा? तो आकडा शोधण्याची पाळी आमच्यावर आली, ती थोडी शहाणपणाने आणि बरीचशी ठेच लागल्यामुळे. त्याची हकीकत येथे देत आहोत.

पेडण्याचा रस्ता

पेडणे हा गोव्याचा उत्तरेकडील अखेरचा तालुका. 1788 साली तो पोर्तुगीजांकडे गेला आणि 1961 साली उर्वरित गोव्याबरोबर मुक्त झाला. पत्रादेवीस आज आपण गाडीचा वेगही कमी न करता सरहद्द ओलांडतो; परंतु 15 ऑगस्ट 1955 रोजी त्याच ठिकाणी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, आणि तेथील हुतात्मा स्मारक त्याची साक्ष देत उभे आहे. या सरहद्दीची आणखी एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. 1928 साली पोर्तुगालने आपल्या देशात वाहने उजव्या बाजूने हाकण्याचा नियम केला. गोव्यात मात्र डावी बाजूच कायम राहिली, कारण शेजारच्या ब्रिटिश हिंदुस्थानात सारी रहदारी डावीकडून चालत होती. रस्त्यावर आपली मर्जी चालत नाही, शेजाऱ्याकडे पाहून वागावे लागते, हा धडा त्यात आहे.

पनवेलहून निघून कन्याकुमारीस जाणारा 66 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, ज्यास आमच्या पिढीतील माणसे अजून 'सतरा नंबर' म्हणतात, तो पत्रादेवीस गोव्यात शिरतो आणि मालपे, धारगळ करीत कोलवाळच्या पुलाकडे जातो. पूर्वीचा अरुंद रस्ता जाऊन येथे आता दुभाजकाचा चारपदरी मार्ग झाला आहे. 5 जानेवारी 2023 पासून मोपा येथील विमानतळावर विमाने उतरू लागली, आणि या रस्त्यावरील रहदारीत विमान गाठावयास धावणाऱ्या मोटारींची भर पडली. रस्ता रुंद झाला खरा. परंतु रस्त्याकाठचे गाव, शाळेतील मुले, काजूची पाटी घेतलेल्या बाया आणि चरून परतणारी गुरे ही जेथे होती तेथेच आहेत. त्यांना अजून रस्ता ओलांडावाच लागतो.

याच रस्त्याने महाराष्ट्रातील शेकडो मोटारसायकलस्वार गोव्यात येतात. वागातोर येथे रॉयल एनफील्डच्या स्वारांचा मेळावा भरत आला आहे. नोव्हेंबर 2022 मधील मेळाव्यात 'सुपर मीटिऑर 650' ही जड मोटारसायकल भारतातील स्वारांपुढे प्रथम मांडण्यात आली. आमचे चिरंजीव तो मेळावा पाहावयास गेले होते. ते रात्री घरी परतले ते देहाने. मन तेथेच राहिले होते. पुढे वर्षभराने ते यंत्र आमच्या ओसरीवर आले.

दोन यंत्रे

आमच्याजवळ स्वतःची एक बुलेट आहे. 1984 साली घेतलेली, साडेतीनशेची. 1955 साली मद्रास येथे एनफील्ड इंडिया कंपनी स्थापन होऊन इंग्रजी बनावटीची ही मोटारसायकल आपल्या देशात तयार होऊ लागली, आणि पुढे कित्येक दशके तिच्या मूळ रचनेत फारसा फरक पडला नाही. तिला एकच सिलिंडर, चार गिअर आणि गिअरचा दांडा उजव्या पायाखाली. पुढेमागे ड्रमचे ब्रेक. बळ सुमारे 18 अश्वशक्तीचे.

चिरंजीवांच्या यंत्रास दोन सिलिंडर, 648 घनसेंटिमीटरचे इंजिन, सहा गिअर आणि सुमारे 47 अश्वशक्तीचे बळ. वजन 241 किलो. दोन्ही चाकांस तबकडीचे ब्रेक, आणि ते करकचून दाबले तरी चाक जाम होऊ न देणारी एबीएस नावाची योजना. बैठक जमिनीपासून अवघी 740 मिलिमीटर उंच. पाय पुढे टाकून, हात रुंद पसरून, आरामखुर्चीत बसावे तसे बसावयाचे. अशा बैठकीच्या मोटारसायकलीस 'क्रूझर' म्हणतात. हा शब्द जहाजांच्या दुनियेतला. एका लयीत दूरचा पल्ला गाठणे, हा त्याचा भाव.

ही एका लयीतली चाल म्हणजेच सुखाची चाल. ती यंत्राच्या कमाल वेगाहून पुष्कळच कमी असते. का, ते इंजिनाच्या पोटात पाहिले म्हणजे कळते. आमच्या जुन्या बुलेटचा दट्ट्या 70 मिलिमीटर रुंद आणि त्याची धाव 90 मिलिमीटर. मिनिटाला 4000 फेरे झाले तर तो दट्ट्या सेकंदाला सरासरी 12 मीटर वेगाने वर-खाली करतो. नव्या यंत्राचा दट्ट्या 78 मिलिमीटर रुंद, पण धाव अवघी 67.8 मिलिमीटर, तितक्याच फेऱ्यांवर तो सेकंदाला सुमारे 9 मीटरच धावतो. शिवाय त्याच्या दोन दट्ट्यांचे हेलकावे एकमेकांस बरेचसे सावरून घेतात आणि उरलेले सावरावयास आत वेगळा तोलदांडा बसविलेला आहे. आमच्या बुलेटचा एकुलता एक मोठा दट्ट्या आपला सगळा हेलकावा स्वाराच्या तळहातांत आणि तळपायांत आणून सोडतो.

म्हणून आमच्या बुलेटची सुखाची चाल ताशी 60 ते 65 किलोमीटर. सत्तरीच्या पुढे ती जाते, पण कुरकुरत जाते. 2020 साली आलेल्या 'मीटिऑर 350' सारख्या नव्या साडेतीनशेच्या यंत्रास 80 ते 90 सुखाने झेपते. चिरंजीवांचे यंत्र 100 ते 110 वर गेले तरी इंजिनास श्रम जाणवत नाहीत. हे आकडे आमच्या व आमच्या परिचितांच्या अनुभवाचे आहेत. ज्याने त्याने आपल्या यंत्रावर ते पडताळून पाहावेत. त्याची एक सोपी कसोटी आहे. आरशात पाहावे, मागच्या गाडीचा क्रमांक स्थिर दिसत असेल तर इंजिन सुखात आहे, आकडे थरथरू लागले तर त्यास त्रास होत आहे. उलट, वरचा गिअर घालून फार हळू चालविले तर इंजिन धक्के देत ओढू लागते. तेही त्यास मानवत नाही. अशा वेळी गिअर उतरवावा.

जाताना

गेल्या जानेवारीत आम्हांस गडहिंग्लजच्या बाजारात संकेश्वरी मिरची पाहावयास जावयाचे होते. तेथून पुढे कुंभोजच्या बाहुबलीचे दर्शन घ्यावे, असेही मनात होते. चिरंजीव म्हणाले, "अण्णा, या खेपेस टेम्पोने नको. तुमची बुलेट काढा, मी माझी काढतो." घरातून विरोध झाला, पण बऱ्याच वर्षांनी मुलाने आपणाबरोबर कोठे जाण्याची इच्छा दाखविली होती, तेव्हा तो विरोध आम्ही मानला नाही.

निघताना एकच नियम ठरविला, आणि तो आमच्या तरुणपणीच्या मित्रमंडळींकडून शिकलेला होता. दोन यंत्रे बरोबर जात असता हळू चालणारे पुढे असावे. म्हणून बुलेट पुढे आणि सहाशे पन्नास मागे. पत्रादेवी, बांदा, सावंतवाडी हा भाग आम्ही साठ-पासष्टच्या चालीने ओलांडला. दाणोलीच्या पुढे आंबोलीचा घाट लागला. समुद्रकाठच्या सपाटीवरून सुमारे 700 मीटर उंचीवर चढणाऱ्या त्या वळणांत 18 अश्वशक्ती आणि 47 अश्वशक्ती यांत काही भेद उरला नाही. वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही, म्हणून दोघेही तीस-चाळीसनेच चढलो. दिसणाऱ्या रस्त्याच्या आत थांबता आले पाहिजे, एवढाच घाटाचा नियम.

गडहिंग्लजची मिरची पाहिली, सौदा झाला, आणि संकेश्वरास पुणे-बंगळूर महामार्ग लागला. तेथे चिरंजीवांचा संयम संपत आला होता. "अण्णा, साठवर या यंत्राचा श्वास कोंडतो," ते म्हणाले, "आणि मागून ट्रक अंगावर येतात." त्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नव्हते. रुंद रस्त्यावर इतरांहून फार हळू जाणे यातही धोका असतो. आम्ही म्हटले, "तू पुढे हो, कागलला थांब." तो नव्वदीच्या पुढे गेला असावा, आम्ही आमच्या चालीने गेलो. कागलला पोहोचलो तेव्हा तो दहा-अकरा मिनिटे आधी येऊन बसला होता. त्याने शिरस्त्राण काढले होते, मान चोळीत होता, डोळे लाल झाले होते.

क्रूझर यंत्राच्या सुखात हीच मेख आहे. बैठक आरामाची म्हणून छाती सरळ वाऱ्यासमोर येते, आणि वेग वाढला की ती छाती गलबताच्या शिडासारखी वारा धरते. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 वर वारा जेवढा लोटतो, त्याच्या दीडपटीहून अधिक तो 100 वर लोटतो, आणि 120 वर सव्वादोनपट. तो लोट स्वार हातांनी मूठ घट्ट धरून सोसतो. खांदे आणि मान त्याची किंमत देतात. दुसरे असे की पाय पुढे असल्यामुळे खड्डा आला तरी स्वारास पायांवर भार घेऊन बैठकीवरून उठता येत नाही. दणका थेट कमरेच्या मणक्यात बसतो. म्हणजे इंजिन 110 ला सुखात असले, तरी शरीराचे सुख 85-90 च्या आसपासच संपते. त्या दिवशी इंजिन ताजे होते आणि स्वार थकला होता.

येताना

दुसऱ्या दिवशी दर्शन घेऊन परत फिरावयास उशीर झाला. कोल्हापुरात गुळाच्या व्यापाऱ्याकडे बोलणे लांबले. आमच्या घरी सूर्यास्तानंतर अन्न घेत नाहीत. वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी हाच रिवाज असेल. आंबोली उतरलो तेव्हा सूर्य कलला होता, आणि सकाळपासून पोटात थोडा फराळ वगळता काही नव्हते. बांद्याच्या पुलाजवळ चिरंजीव आमच्यासाठी थांबले होते. आम्ही घड्याळ पाहिले आणि आमच्या तोंडून शब्द गेले, "आता तू पुढे हो आणि जरा चाल धर. दिवस मावळण्याआधी घरी पोहोचू."

नियम आम्ही केला होता आणि तो मोडलाही आम्हीच.

चिरंजीव आमच्याकरिता नव्वदवर राहिले. आम्ही त्यांच्या मागे, फार तर पंचवीस-तीस मीटर अंतर ठेवून, ताशी 85 ने. चाळीस वर्षांच्या बुलेटची ती चाल नव्हे, हे तळहात सांगत होते. पण डोळे मावळतीकडे होते. पत्रादेवीच्या अलीकडे दुभाजकाच्या एका खिंडीतून म्हशींचा कळप रस्त्यावर आला. चिरंजीवांनी ब्रेक दाबले; त्यांचे यंत्र सरळ रेषेत, नाक खाली करून थांबले. आम्हीही ब्रेक दाबले. बुलेटचे मागील चाक जाम होऊन एका बाजूस वाहवत गेले. मुलाच्या पाठीवर जाऊन आदळण्यापेक्षा डावीकडची मातीची कड बरी, एवढाच विचार झाला, आणि पुढच्या क्षणी आम्ही मातीत होतो.

देवाच्या कृपेने गुडघा आणि दोन्ही तळहात सोलवटण्यावर निभावले. क्लचचा दांडा मोडला, दिव्याची काच फुटली. म्हशी आपल्या चालीने रस्ता ओलांडून गेल्या. त्यांच्यामागून येणाऱ्या राखणदार मुलाने आमचा चष्मा शोधून आणून दिला. चिरंजीव धावत आले, आणि गुडघे टेकून आमच्यासमोर बसले, तेव्हा त्यांच्या तोंडून "अण्णा" या शब्दापलीकडे काही फुटेना. लहानपणी तापात ते आम्हांस अशीच हाक मारीत. आमच्या डोळ्यांदेखत दिवस मावळला. त्या रात्री आम्हां दोघांस उपवास घडला. तो उपवास पडल्यावाचूनही घडू शकला असता, हे मात्र अंथरुणावर पडल्यावर ध्यानी आले.

हिशेब

गुडघा बरा होईपर्यंत दुकानात बसून होतो. तेव्हा चिरंजीवांस जवळ बसवून आम्ही वही उघडली. ब्रेक लावावयाचे हे मनात येऊन हात हलेपर्यंत एक सेकंद जातो असे धरले. नव्या यंत्राचे तबकडी ब्रेक सेकंदागणिक वेगात 6 मीटरची घट करतात, तर जुन्या बुलेटचे ड्रम 4 मीटरची, असेही धरले. कोरड्या रस्त्यावर नव्या यंत्रास पूर्ण थांबावयास ताशी 60 वर सुमारे 40 मीटर लागतात, 80 वर 63, 100 वर 92 आणि 120 वर 126. म्हणजे वेग दुप्पट झाला की लागणारा रस्ता तिपटीहून अधिक होतो.

मग त्या संध्याकाळचा हिशेब मांडला. चिरंजीवांस 90 वरून थांबावयास सुमारे 77 मीटर. आम्हांस 85 वरून सुमारे 93. आमचा वेग कमी, तरी आम्हांस रस्ता अधिक हवा होता. आणि आम्ही मध्ये अंतर ठेवले होते पंचवीस-तीस मीटर, त्यातील जवळजवळ सगळे पहिल्या एका सेकंदातच खर्ची पडले. आमच्या नेहमीच्या 65 च्या चालीवर हेच 59 मीटरांत भागले असते.

आणि मिळकत काय होती? बांद्यापासून घर सुमारे पंधरा किलोमीटर. 65 ऐवजी 85 ने गेल्यास वाचतात जेमतेम सव्वातीन मिनिटे. मोठ्या पल्ल्याचा हिशेबही असाच. 100 किलोमीटरच्या मोकळ्या रस्त्यास 80 च्या चालीने 75 मिनिटे लागतात, 100 च्या चालीने 60, आणि 120 च्या चालीने 50. पहिल्या वाढीत पंधरा मिनिटे वाचतात, पुढच्या तेवढ्याच वाढीत दहाच. वेग जसजसा वाढतो तसतशी वेळेतील बचत आटत जाते आणि थांबण्याचा खर्च फुगत जातो. असा सौदा दुकानात कोणी आणला असता तर आपण त्यास चहा देऊन परत पाठविले असते.

चिरंजीव बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "अण्णा, यात कायद्याचे खाते राहिलेच." ते खरे होते. केंद्र सरकारच्या 6 एप्रिल 2018 च्या अधिसूचनेत दुभाजकाच्या चारपदरी रस्त्यावर मोटारगाड्यांस ताशी 100 ची मर्यादा होती, पण मोटारसायकलीस 80 ची; आणि इतर रस्त्यांवर मोटारसायकलीस 60 ची. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारसायकलीस मज्जावच आहे. स्थानिक फलक याहूनही कमी आकडा दाखवीत असेल तर तोच मानावयाचा. चिरंजीव कागलपर्यंत नव्वदीच्या पुढे गेले, तेव्हा हे खाते आम्ही उघडलेच नव्हते.

कोणी म्हणेल, हा आकडा आपल्याकडील रस्त्यांची भीती धरून काढलेला आहे. ज्या देशातून ही क्रूझरची घडण आली तेथे असे नसेल. परंतु हार्ले-डेव्हिडसनसारखी जड यंत्रे ज्या अमेरिकेत नावारूपास आली, त्या देशाने 1974 साली तेलटंचाईमुळे सर्व महामार्गांवर ताशी 55 मैलांची, म्हणजे 88 किलोमीटरच्या आसपासची मर्यादा घातली. 1987 पासून ती गावांबाहेरच्या मोठ्या महामार्गांवर सैल झाली आणि 1995 साली पूर्णपणे उठली. त्या वीस-एकवीस वर्षांत तेथील क्रूझर यंत्रे काही नाहीशी झाली नाहीत. लोक त्यांवरून दूरदूर फिरतच राहिले. यंत्राचे सुख त्याच्या लयीत असते, आणि ती लय ऐंशीतही सापडते.

चार खाती, एक आकडा

तेव्हा सुखाच्या चालीची चार खाती झाली : यंत्र, शरीर, रस्ता आणि कायदा. प्रत्येकाचा आकडा वेगळा निघतो. चिरंजीवांच्या यंत्राचा 110, त्यांच्या शरीराचा 90, कायद्याचा 80, आणि रस्त्याचा, गाव, खिंड, वळण, पाऊस पाहून, कधी 80, कधी 40, तर कधी 20. माल घेताना चार काट्यांनी चार वजने दाखविली, तर शहाणा व्यापारी सर्वांत कमी वजनाचे पैसे मोजतो. चालीचेही तसेच. चारांतील जो आकडा सर्वांत लहान, तीच त्या घटकेची सुखाची चाल. उरलेले तीन आकडे शिल्लक म्हणून गाठीस राहू द्यावेत. अडचणीच्या क्षणी तीच शिल्लक कामास येते.

यावरून आमच्या घरी जे ठरले ते येथे देतो. कोणास उपयोगी पडले तर आनंद वाटेल.

चारपदरी महामार्गावर सहाशे पन्नासची चाल 80 पलीकडे जावयाची नाही, आणि बुलेटची 65 पलीकडे. दोन यंत्रे बरोबर असल्यास हळू चालणारे पुढे, आणि मागच्याने तीन सेकंदांचे अंतर ठेवावे. पुढची गाडी एखादा खांब ओलांडून गेली की मनात सावकाश तीन मोजावेत, त्याआधी आपण त्या खांबापाशी पोहोचता कामा नये. दर तासाने उतरून पाणी प्यावे व पाय मोकळे करावेत. कोकणच्या पावसात चाल चौथ्या हिश्श्याने उतरवावी, आणि धुवांधार पाऊस असेल त्या दिवशी यंत्र ओसरीवरून हलवू नये. शिरस्त्राण पुढच्यास आणि मागे बसणाऱ्यासही असावे.

अखेरचा नियम घरातून आला, आणि तो सर्वांत मोलाचा आहे. महामार्गावर 80 ने गेलो तरी घाट, गावे, विश्रांती धरून दिवसाची सरासरी 45 च्या वर जात नाही. म्हणून पावणेदोनशे किलोमीटरच्या परतीस चार तास धरावयाचे, आणि सूर्यास्तापासून मागे मोजून निघण्याची वेळ ठरवावयाची. ती वेळ टळली तर सोबतचा दशम्यांचा डबा वाटेत, उजेडी, एखाद्या झाडाखाली उघडून खावयाचा, आणि मग अंधारात सावकाश घरी यावयाचे. "घरचे पान थांबेल," असे त्या म्हणाल्या, "माणूस मात्र धड यावे."

गेल्या महिन्यात आम्ही दोघे पुन्हा त्याच वाटेने गेलो. बुलेटला नवा दांडा, नवी काच. परतताना बांद्याच्या अलीकडे उन्हे कलली, तेव्हा चिरंजीवांनी मागून दिवा दाखविला, यंत्र कडेस घेतले आणि डबा काढला. शेंगदाण्याची चटणी होती, दशम्या होत्या. खाताखाता ते म्हणाले, "अण्णा, पासष्टवर शेताचा वास येतो, नाही?" आम्ही मान हलविली. मग हात धुऊन निघालो. बुलेट पुढे, सहाशे पन्नास मागे. पत्रादेवीच्या त्या खिंडीपाशी आम्ही चाल उतरविली. म्हशी नव्हत्या. घरी पोहोचलो तेव्हा तुळशीपुढचा दिवा लागून तास झाला होता, आणि ओसरीवर उभ्या असलेल्या त्यांनी घड्याळाकडे पाहिलेही नाही.

सर्व सभासदांच्या घरी नवे वर्ष भरभराटीचे जावो, आणि रस्त्यावर निघालेले प्रत्येक माणूस सुखरूप घरी येवो.